टँकरसारखी जीप
डिझेलचा धूर नाकात गेला, की अहमदपूरकडच्या एका खेड्यातली दुपार आठवते. लातूर जिल्हा नवा होता, दोन वर्षं धड पाऊस नव्हता, आणि मी परक्या गावात एकटा राहून विहिरींचं पाणी मोजायची नोकरी करत होतो. आमच्या सरकारी जीपचं पेट्रोल इंजिन काढून नुकतंच डिझेलचं बसवलं होतं. त्याचा आवाज थेट टँकरसारखा यायचा. गावात शिरलो, तर बाया घागरी घेऊन पळत आल्या आणि जीप बघून जागीच थांबल्या. ड्रायव्हरनं ओशाळून इंजिन बंद केलं. मी कोरड्या विहिरीत टेप सोडला, वहीत शून्य लिहिलं आणि परत आलो, तर बॅटरी बसलेली. एक म्हातारी म्हणाली, "बसा साहेब, आमी ढकलताव." घागरी उन्हात ठेवून साऱ्याजणींनी धक्का दिला. इंजिन धडधडलं, तशा पुढच्या तांड्यावरून आणखी बाया घागरी घेऊन पळत येताना दिसल्या. "थांबलो तर पुन्हा बंद पडंल," ड्रायव्हर म्हणाला. आम्ही थांबलो नाही. आताच्या माझ्या गाडीला आवाजच नाही. तरी खेडं आलं, की मी ती वेशीबाहेर लावतो आणि चालत आत जातो.