लाल कल्ला
मासा घेताना कल्ला उघडून बघायची आईची सवय मला लागली आहे, आणि तो लाल दिसला की एलातचा किनारा समोर येतो. त्रेसष्ट साल असावं. नव्या धक्क्यासाठी प्रवाळात सुरुंग लावले होते. उद्घाटनाला आलेल्या साहेबांच्या भाषणापुढे स्फोट फारच आटोपशीर झाला. पाणी फुगलं, गढुळलं आणि निळेपिवळे मासे पोट वर करून तरंगू लागले. आमचा शेजारी फिल्म काढायचा. प्रवाळ वाचवायचं तर हे मरण लोकांना दाखवायलाच हवं, असं म्हणून तो कॅमेरा लावून उभा होता. तेवढ्यात ताज्या मासळीला आसुसलेल्या कोकणातून तिथे वसायला आलेल्या आमच्या ज्यू बायका लुगडी खोचून पाण्यात शिरल्या. खवल्यांचे मासे टोपलीत, आम्हाला वर्ज्य असलेले बिनखवल्यांचे परत पाण्यात. धर्म शाबूत राहिला. आईने कॅमेऱ्यासमोर एकाचा कल्ला उघडला. "बघ रे बाबा, लालभडक. आत्ताचा आहे." मी ते हिब्रूत सांगितलं. तो म्हणाला, "तेच तर." पुढे त्याला काम देणाऱ्या सरकारी कचेरीने यरुशलेमला फिल्म दाखवली, तेव्हा त्यातून सुरुंगाचं दृश्य कापलेलं होतं. उरली होती हसणारी आई, आणि निवेदक सांगत होता, समुद्र नव्या नागरिकांना भरभरून देतो. दिवे लागले तरी शेजारी खुर्चीतून उठला नाही. नंतर जन्मभर त्याने मरत्या नद्यांच्या, आटत्या दलदलींच्या फिल्म काढल्या. मी सगळ्या पाहिल्या. एकीतही माणूस नाही. मला मात्र त्या प्रत्येक रिकाम्या पाण्यात आई दिसते, हसत, कल्ला उघडून धरलेली.