बाई उठून उभ्या राहिल्या

बाईंना आनंद झाला की त्या उठून उभ्या राहत. जेवताना झाला तर ताट हातात घेऊन. लवळ्याला आमच्या वरच्या खोलीत त्या भाड्याने आल्या, तेव्हा पहिल्याच जेवणाला आईला वाटलं आमटीत काही निघालं. निघालं काहीच नव्हतं, वडील बोलता बोलता एक जुना मावळी शब्द बोलून गेले होते. बाई विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवत, आणि आमच्या बोलीची नोंद करायची तर गावातच राहायचं, हा त्यांचा हट्ट होता.

"शब्दांच्या याद्या पुष्कळ झाल्या," त्या म्हणत. "माणसं एकमेकांशी कशी बोलतात, ते मला हवंय." म्हणून आम्हाला सांगून चुलीपाशी रेकॉर्डर ठेवत आणि आम्ही मोकळं बोलावं म्हणून स्वतः निघून जात. कधी बसल्याच तर भाकरी थापायला घेत. त्यांची भाकरी आमची म्हैससुद्धा विचार करून खायची.

एका दुपारी त्या धाडधाड जिना उतरून आल्या. रेकॉर्डिंगमध्ये सगळे मध्येच गप्प होत होते, नुसत्या बांगड्या वाजत होत्या, आणि मग एकदम हशा. मधला विनोद कुठे गेला, असं त्या विचारत होत्या. तो माझ्या आत्याने केला होता. आत्या जन्मापासून बहिरी, घरात हातांनी बोलायची, आणि आम्हीही तिच्याशी तसंच. त्यात नोंद करण्यासारखं काही आहे, हे आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"ती मुकी हाय, बाई. तिचं काय टिपताय?" वडील म्हणाले.

"दादा, अर्धं घर हातांनी बोलतंय आणि मी नुसते कान लावून बसले," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा आणला.

आत्या गोठ्यात जाऊन बसली. गावात जन्मभर तिच्या नकला झाल्या होत्या, आता त्या दाखवायला यंत्र आलं असं तिला वाटलं. बाईंनी कॅमेरा गुंडाळला आणि तिच्याकडून हातांची बोली शिकायला बसल्या. एकदा चहा मागायला गेल्या आणि नवरा मागून बसल्या. आत्या पोट धरून हसली. त्या हसण्यानेच तिची भीड मोडली, असं मला अजून वाटतं.

पुढे एके सकाळी आत्या नवं लुगडं नेसून आपणहून कॅमेऱ्यासमोर बसली. शाळेतून पहिल्याच दिवशी तिला घरी धाडलं होतं. त्या दिवशी ती घरी न येता संध्याकाळपर्यंत ओढ्याकाठी बसून राहिली, हे तिने हातांनी सांगितलं. वडील दारात उभे होते.

"आमी कदी इचारलंच न्हाई," ते म्हणाले आणि डोळे पुसत अंगणात गेले.

काम संपलं, बाई दूरच्या विद्यापीठात गेल्या. जाताना गाडीत बसवेना त्यांना. आत्याने त्यांना एक नाव दिलंय: दोन बोटं डोळ्यांशी चष्म्यासारखी न्यायची आणि टुणकन उभं राहायचं. आमच्या घरात आत्यासाठी कधी फोन येत नसे. आता रविवारी व्हिडिओ कॉल येतो. आत्या फोन हिसकावून घेते, दोन बोटं डोळ्यांशी नेते आणि उठून उभी राहते. पलीकडे बाई आधीच उभ्या असतात.