तिसरा बैल

शिंगांना चोळलेल्या जवसाच्या तेलाचा वास आला की मला तो तिसरा बैल आठवतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. माझं आणि मित्राचं वावर लागून होतं. दोघांकडे एकेकच बैल, म्हणून आमची सावड होती: दोन्ही बैल जुंपून तीन दिवस त्याचं वावर वखरायचं, तीन दिवस माझं. त्या उन्हाळ्यात त्याने केनवडच्या बाजारातून स्वतःचा दुसरा बैल आणला. "खरं सांग लेका, कसा हाये? तू कोनाची भीड ठेवत नाहीस," तो म्हणाला. मी दात मोजले, सहा. खूर दाबले, पाठ वितीने मोजली. काही उणं निघेना. आता याला माझी गरज उरली नाही, एवढंच मनात सलत राहिलं, आणि मी म्हणालो, "मागच्या डाव्या पायानं लंगडते हा." तो नुसता हसला. दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. सकाळीच तो आपली नवी जोडी घेऊन माझ्या बांधावर हजर. "लंगडतच असन, त तुह्याच वावरात लंगडू दे!" तीन दिवस मी वखरामागे त्या पायाकडे बघत चाललो. बैल एकदाही लंगडला नाही आणि मित्राने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं आजवर स्वतःला सांगत आलो आहे.