आधी विष, मग अश्रू

‘घडियाळी पोळेच्या गल्लीतल्या बाइंडरबाईंनी पाने उलटसुलट शिवून एका उत्तम खूनकथेचा सत्यानाश केला,’ असे आमच्या वाचनालयाचे चिटणीस आजही छातीठोकपणे सांगतात. मी ते साफ खोडून काढतो, कारण त्या दिवशी मी तिथे उभा होतो.

बाईंचे नाव मी कधी विचारले नाही. लांब सुई दातांत धरून त्या जुने पुस्तक उसवीत आणि पुन्हा शिवण्यापूर्वी पानन् पान वाचीत. त्या कादंबरीतले पानांचे आकडे मागच्याच बांधणीत कापले गेले होते. तिच्यात मालकीण आधी तिच्या कारकुनापुढे रडे आणि तो नंतर विष विकत घेई. म्हणून तिनेच त्याला फितवून नवऱ्याचा खून करवला, असे आम्ही सारे वाचक मानत होतो. बाईंनी विष आधी लावले, अश्रू मागाहून. मग उघड झाले की कट कारकुनाचा होता आणि आपले पाप त्याने तिच्या माथी मारले होते.

चिटणीस तणतणत आले. “बाई, उद्यापासून आमचे काम बंद!”

“बेसा तर खरं, साहेब.” बाईंनी स्टूल पुढे सरकवले. “रडणारी बाई दिसली की तुम्हाला पुरावा लागतच नाही!” बाईंनी कसरीने पाडलेल्या भोकावर बोट ठेवले. “ही कसर तुमच्या जुन्या बांधणीच्याही आधीची. ती पाने चाळत नाही, सरळ पोखरत जाते. पाने मूळ क्रमाने लागली तरच तिची भोके जुळतील.”

त्यांनी सुई पहिल्या पानाच्या भोकात घातली, आणि ती कुठेही न अडता शेवटच्या पानातून बाहेर आली.