गयामावशीने भिंतीपलीकडून ओळ सांगितली

गेल्या वर्षीचा ईस्टर. रविवार, नुकतं उजाडलेलं.
हजर : मी, माझा धाकटा भाऊ शमुवेल, पाळकसाहेब, चर्च कमिटीचे याकोबभाऊ आणि मंडळीतली बाकीची माणसं.
स्थळ : आमच्या ख्रिस्ती मंडळीचं कब्रस्तान. जाफराबादहून शेअर जीप येते ते गाव. नाव देत नाही, मला त्याच गावात राहायचं आहे.

मी शाळेत गणित शिकवते. घरात रात्री आवाज आला तर मी आधी पाण्याची मोटार बघते, मग मांजर. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसले आहे. तेव्हा आता तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही... फक्त पूर्ण वाचून हसा.

आई गेल्यावर आम्हा दोघांना गयामावशीने वाढवलं. ती नात्याची नव्हती. धावड्याकडची, हिंदू घरातली, नवऱ्याने टाकलेली. आमच्याकडे स्वयंपाकाला आली आणि घरचीच झाली. दर रविवारी चर्चला आमच्याआधी तयार. पण बाप्तिस्मा तिने कधी घेतला नाही. का, ते एकदाच सांगितलं – शेंगा फोडता फोडता.

आमच्याकडे येण्याआधी तिचं तान्हं बाळ वारलं होतं. पुढे तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी तिला समजावलं की बाप्तिस्म्याशिवाय स्वर्गाचं दार उघडत नाही. झालं. तिने तिथेच ठरवलं.

"माझं लेकरू बिनबाप्तिस्म्याचं गेलं. मंग ते जिथं असंन तिथंच मला जायाचंय. मी सर्गात बसू अन् ते तिकडं एकटं? बिलकुल न्हाई."

"आणि प्रभूनेच बोलावलं तर?"

"तर म्हणंन, आधी त्याला आण."

ती गेली तेव्हा कमिटीने कब्रस्तानात जागा दिली नाही. याकोबभाऊ म्हणाले, "ताई, बाईमाणूस चांगलं होतं, मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो? पण नियम म्हंजी नियम."

कब्रस्तानाच्या मागच्या भिंतीला लागून शमुवेलचं वावर आहे. तिला तिथे पुरलं, भिंतीच्या बाहेर. मी त्या दिवशी रडले नाही, रागच इतका होता.

आता ईस्टर. त्या पहाटे आम्ही सगळे कबरींवर फुलं-मेणबत्त्या ठेवतो आणि तिथेच उपासना होते. आमच्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, म्हणून गीताची एकेक ओळ पाळक आधी बोलून सांगतात आणि मग सगळे ती गातात. गयामावशी जन्मभर अशीच ऐकून गायली.

पहिलं कडवं नेहमीसारखं झालं. दुसऱ्याला पाळकसाहेबांनी तोंड उघडलं... आणि ओळ भिंतीपलीकडून आली.

बाईचा आवाज. जरा घोगरा, "प्रभू"मधल्या "भू"ला ओढणारा. मी त्या आवाजाच्या हाका ऐकत मोठी झाले आहे. ओळ सांगून आवाज थांबला. आम्ही ती गायलो – विचार करायच्या आतच, सवयीने. मग पुढची ओळ आली, तीही गायलो. पाळकसाहेब पुस्तक उघडं धरून नुसते उभे. गीत संपलं, तरी पलीकडून शेवटची ओळ पुन्हा एकदा आली. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. अगदी लहान मुलाकडून म्हणवून घेतात तशी. मग शांतता. तेव्हा मात्र आमच्यातलं कुणीच गायलं नाही.

मी भिंतीवर चढले. पन्नाशीची बाई, साडी फाटली, शमुवेल खालून "अक्का, पडशील!" म्हणतोय. पलीकडे नांगरून टाकलेलं वावर. लपायला झुडूपसुद्धा नाही. लाउडस्पीकर आम्ही आणला नव्हता. मोबाईल म्हणाल तर शमुवेल भिंतीच्या कडेने सगळीकडे फिरला, काही नाही. मावशीचं गाणं कुणी कधी रेकॉर्ड केलेलंही नव्हतं. कबर होती तशी होती.

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "ताई, मेलेले शेवटच्या दिवशी कर्णा वाजेपर्यंत झोपलेले असतात. हा फसवणारा आत्मा आहे. आपण त्याला घालवायची प्रार्थना करू."

"सैतान ईस्टरचं गीत शिकवतो का, पाळकसाहेब? आणि येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या त्या चोराचा बाप्तिस्मा कुणी केला होता? त्याला तर त्याच दिवशी स्वर्गात घेतलं. माझ्या मावशीला घालवायची प्रार्थना इथे कुणी करायची नाही."

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. नंतर हळूच म्हणाले, "नको तर नको."

याकोबभाऊ तोवर चपला शोधत होते. "म्या तर काहीच ऐकलं न्हाई."

"ऐकलं नाही? मग दुसरं कडवं कुणाच्या मागं गायलात? पाळकांनी तर त्यातली एकही ओळ सांगितली नाही. आणि तुमच्याजवळ पुस्तक नव्हतं."

एक म्हातारी खुदकन हसली. याकोबभाऊंनी चपला तशाच हातात घेतल्या आणि गेटाकडे निघाले.

कमिटीची मीटिंग झाली. मी बोलावणं नसताना गेले. खूप आवाज चढले, त्यात माझा सगळ्यात जास्त. शेवटी याकोबभाऊच म्हणाले, "भिंत सरकवा तिच्या कबरीपलीकडं. खर्च ताईचा. कबरीवर पाटी एकीचीच."

मी म्हटलं, पाटी दोघांची, तिची आणि तिच्या बाळाची. ती ज्याच्यासाठी जन्मभर बाहेर राहिली त्याला सोडून ती आत येणार नाही, आणि मी तिला तशी आणणारही नाही. तेही कबूल झालं, कसं ते विचारू नका.

भिंत सरकली. त्या सकाळी ओळ कुणी सांगितली, याचं स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त "भास" म्हणू नका, एवढ्या माणसांना एकच भास एकाच वेळी होत नाही.

पाटीवर मावशीचं नाव कोरून झालं आहे. त्याखालची ओळ कोरी आहे, कारण बाळाचं नाव तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. धावड्याला दोनदा जाऊन आले, कुणाला आठवत नाही. तिची एक नणंद आष्टीकडे दिलेली आहे, अजून आहे म्हणतात. तिला गाठायचं राहिलं आहे.