लारीच्या तोंडाला घोसाळं

लोधिवलीत गौराबाईला पाठीमागं सगळे ठोकळेवाली म्हणायचे. तिच्या नवऱ्याच्या, सदूच्या लारीवरचा क्लीनर दिवाळीनंतर मुंबईला गिरणीत गेला, तो परत आलाच नाही. चढावर लारी थांबली की चाकामागं ठोकळा सारायला माणूस लागतंच, आणि दुसरं माणूस ठेवायची ऐपत नव्हती. तेव्हा गौराबाईनं पदर खोचला, बाभळीचा तासलेला ठोकळा मांडीवर घेतला आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

विहिरीवर शेजारची मैना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमची मांडी पोरांनी भरली गं, हिची ठोकळ्यानं."

गौराबाई पोहरा ओढता ओढता म्हणाली, "ठोकळा रातचा रडत नाय. झोप तरी लागती."

बायका हसल्या. घरी येताना मात्र हंडा तिला रोजच्यापेक्षा जड लागला.

लारी आणली ती बैलजोडी विकून. बैल नाहीत म्हटल्यावर खोतानं जमीन दुसऱ्याला कसायला दिली. आता गोठ्यात बैलांच्या जागी लारी उभी राहायची. दिवेलागणीला गौराबाई देवापुढं सांजवात लावायची, देवाला कुंकू लावायची आणि तेच बोट जाऊन लारीच्या कपाळाला लावायची. बैलांना लावायची तसंच. दारात दुसरं काही उरलंच नव्हतं.

आणि ती लारी धूळ खाऊन मरायला टेकली होती. फाल्गुन लागला की चौक-कर्जत रस्त्यावर पाऊल घोट्यापर्यंत धुळीत जायचं. पुढं एखादी गाडी असली की मागच्याला आपल्याच बैलाचं शेपूटही दिसायचं नाही. सगळी धूळ हवेबरोबर इंजिनात जायची. वर्षात दोनदा पिस्टनच्या रिंगा बदलून झाल्या. दुसऱ्या वेळी खोपोलीचा मिस्त्री हात पुसत म्हणाला, "सदू, तिसऱ्या बारीला माझ्याकडं आणू नको. पिस्टन सरकतो तो नळाच खरवडून गेलाय. आता रिंगा गेल्या की भंगारात घाल."

"कायच इलाज नाय?"

"हाय की. मुंबईला डबा मिळतो, हवेच्या तोंडाला बसवायचा. आत तारेची जाळी आसती, तेलात भिजवलेली. धूळ तिला चिकटती आणि चाळलेली हवा आत जाती." मग त्यानं किंमत सांगितली, आणि सदू लारीकडं वळला. किंमत दोन महिन्यांच्या भाड्याएवढी होती.

सदूनं धोतराची दुहेरी चिंधी त्या तोंडावर बांधून पाहिली. लारी गुदमरली, भिसेगावचा साधा चढ चढेना. चिंधी सोडली की पुन्हा धूळ. असे आठ दिवस गेले. त्यातच आबाजी मुकादमाचा निरोप आला. घाटात रस्त्याची डागडुजी निघाली होती आणि खाणीवरून खडी वर न्यायला लाऱ्या हव्या होत्या. पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढं काम. पण आबाजीची अट होती, सूर्य मावळायच्या आत तीन खेपा. "दोनच करायच्या तर मी गाढवं ठेवीन," असं त्यानं सांगून पाठवलं होतं. सोमवारी तो लारीचं काम पाहणार होता.

शनिवारी गौराबाई न्हायला बसली. पाठ घासता घासता तिचा हात थांबला. हातातल्या घोसाळ्याच्या जाळीकडं ती बघत राहिली. मग तशीच ओल्या लुगड्यानं बाहेर आली.

"अवो, मिस्त्री म्हणाला ती जाळी आशीच आसती का?"

सदूनं ते घोसाळं घेतलं, तोंडाला लावलं आणि फुंकर मारली. वारा आरपार गेला. त्यानं ते उजेडाला धरून पाहिलं. मग म्हणाला, "किती हाईत?"

आढ्याला सात सुकी घोसाळी टांगलेली होती, मृगात लावायच्या बियांची. घासलेटचा रिकामा डबा सदूनं कापला, त्याच्या बुडाला भोकं पाडली. इंजिनातून काढलेल्या काळ्या तेलात गौराबाईनं घोसाळी बुडवली, पिळली आणि डब्यात एकाला एक लावून बसवली. डब्याचं दुसरं तोंड चामड्याच्या पट्ट्यानं लारीच्या नळीवर आवळलं. खर्च झाला तो फक्त पट्ट्याचा.

बिया तिनं आधीच झटकून काढल्या होत्या आणि पट्ट्यापायी चांभाराला देऊन टाकल्या होत्या. पण सगळ्या नाही. त्यांच्या घरात तांदळाचं मडकं कधी खरवडून रिकामं करीत नसत, बुडाला पाच दाणे ठेवायचे. बियाणाचंही तेच. घरचं बी मृगाआधी पुरतं उपसलं तर घरची लक्ष्मी उठून जाते, असं तिच्या आईनं सांगितलेलं. म्हणून शेवटच्या घोसाळ्याच्या टोकाशी तिनं पाच बिया राहू दिल्या आणि मनात हात जोडले. सदूला सांगितलं नाही. मडक्यात पाच दाणे ठेवले हे नवऱ्याला कुणी सांगतं का?

सोमवारची पहिली खेप अशी गेली की सदू अर्ध्या घाटात हळूच म्हणाला, "ऐकलंस? एकदापण खोकली नाय."

गौराबाईनं ठोकळा घट्ट धरला. नजर लागू नये म्हणून तिनं कानशिलावर बोटं मोडली.

दुसऱ्या खेपेला, घाटाची राखण करणाऱ्या शिंगरोबाच्या देवळाच्या खालच्या वळणावर, लारीचा जोर एकाएकी गेला. इंजिन दोनदा हुंदकलं आणि बंद पडलं. लारी भरल्या खडीनिशी मागं सरकू लागली. गौराबाईनं उडी टाकली, ठोकळा चाकामागं घातला. चाक त्यावर चढल्यासारखं झालं आणि थांबलं.

सदूनं हँडल मारलं. इंजिन सुरू झालं, पण कितीही दाबलं तरी आवाज वाढेना. परत मारलं, परत तेच. घाम पुसत तो पायरीवर बसला.

"गेल्या रिंगा," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, त्याचीच तिला भीती वाटली. वरून उतरणाऱ्या दोन बैलगाड्या त्यांच्या बाजूनं गेल्या. सदू बैलांकडं बघत राहिला. गाड्या वळणाआड गेल्यावर म्हणाला, "ठोकळा काढ."

"काय?"

"काढ म्हणतो. जाऊ दे खाली दरीत. रोज बघायला तरी नको."

गौराबाई चाकामागं गेली आणि ठोकळ्याला पाठ लावून रस्त्यातच खाली बसली. वर शिंगरोबाच्या देवळाचा कळस दिसत होता. बियांचं सांगितलं तर नवरा काय करील तिला ठाऊक नव्हतं, आणि न सांगावं तर लारी जात होती.

"आधी डबा उघडा," ती म्हणाली.

"डब्याला काय झालंय?"

"त्यात पाच बिया हाईत. मी ठेवल्या."

"ठेवल्या म्हंजे?"

"पुरतं रिकामं करत नाईत. म्हणून."

सदू उठला. त्यानं पट्टा सोडला, घोसाळी बाहेर काढली. डब्याच्या तळाशी तेलानं माखलेल्या तीन बिया मिळाल्या. मग त्यानं नळीपलीकडचा, हवा नि पेट्रोल मिसळणारा कारबेटर सोडला. आतल्या झडपेच्या कडेला चौथी काळी बी आडवी अडकली होती. ती झडप अर्ध्यावर धरून बसली होती.

"पाचवी?"

"पाचच हुत्या," गौराबाई खाली बघत म्हणाली. "मी मोजून ठेवल्या."

"मग गिळली इंजनानं." चारही बिया त्यानं तिच्या ओंजळीत टाकल्या. शिवी दिली नाही. देईल म्हणून ती वाट बघत होती. तो एवढंच म्हणाला, "बैल आसते तर बी त्यांच्या पोटातनं तरी भायेर आली आसती," आणि हँडलला हात घातला.

इंजिन गरजलं. पण तोवर दिवस हातातून गेला होता. तिसऱ्या खेपेची खडी वर पोचली तेव्हा सूर्य माणिकगडामागं बुडालेला होता. आबाजी मुकादम छत्री टेकवून उभा होता.

"सदू, सूर्य कुठं हाय?"

सदू खाली उतरला. गौराबाई म्हणाली, "समुद्राकडं आसंल की अजून."

"तिकडं खडी टाकायची नाय, बाई. बोली म्हंजे बोली. आज दोन धरल्या." मग त्याची नजर डब्यावर गेली. त्यानं वाकून वास घेतला. "ह्ये काय, लारीला न्हाऊ घालतोस काय रं घोसाळ्यानं?"

मागचे गडी हसले. सदूनं पट्टा सोडला. डबा बाजूला करून त्यानं नळीच्या आत बोट फिरवलं आणि ते बोट मुकादमापुढं धरलं. त्यावर तेल होतं, पण धुळीचा कण नव्हता. खाणीचा रस्ता दिवसभर सहा वेळा तुडवलेला होता.

आबाजीनं बोट पाहिलं, मग आपल्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या मिशांवर हात फिरवला. "उद्या ये," तो म्हणाला. "उद्या दोन झाल्या तर परवा येऊ नको."

घरी आल्यावर गौराबाईनं हातपाय धुतले, सगळी घोसाळी उकलून पुन्हा झटकली, दिव्यापुढं बोटानं चाचपून पाहिली. एकही बी राहिली नव्हती. चार बिया तिनं फडक्यात बांधून देवाच्या फळीवर ठेवल्या. लक्ष्मीला राहायचं असेल तर तिथंही राहता येईल, असं तिनं मनाशी म्हटलं. पाचव्या बीच्या जागी ठेवायला घरात दुसरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिंगरोबापाशी लारी क्षणभर मंद झाली. गौराबाईचा हात ठोकळ्यावर गेला. पण सदूनं नुसता वेग आवरून, घाट चढणारे टाकतात तसा, एक पैसा देवळाकडं भिरकावला होता.

तिसऱ्या खेपेची खडी ओतली तेव्हा सूर्य माणिकगडाच्या दोन हात वर होता. आबाजीनं आभाळाकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, आणि गौराबाईला म्हणाला, "बाई, यंदा घोसाळी जास्त लावा. माझ्याकडच्या दुसऱ्या लाऱ्यांनापण लागतील."

"चारच बिया हाईत," ती म्हणाली आणि ठोकळा उचलून आपल्या जागेवर जाऊन बसली.