वाती वळणारा हात

माझा उजवा हात माझ्याआधी जागा होतो. झोपेत गप्प असतो, शहाण्यासारखा. पण मी डोळे उघडायच्या आतच अंगठा बोटावर घासायला लागतो, पुढं-मागं, पुढं-मागं, कापसाची वात वळावी तसा. हात माझा, पण काम कुणाचं करतोय कोण जाणे! सुरुवातीला मला त्याची इतकी भीती वाटायची की मी तो उशीखाली दाबून ठेवायची. मग उशी हलायला लागायची.

लढाई सुरू व्हायच्या आधीपासूनचं हे दुखणं. तेव्हा मी चाळिशीतही नव्हते. धाकट्या भावानं मला कडेगावाहून सांगलीला, माहेरी नेलं आणि मोठ्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, मज्जातंतूंचा रोग आहे, मरणार नाही, पण बऱ्याही होणार नाही. थेंब दिले. ते घेतले की जीभ टाळूला चिकटायची आणि हात होता तसाच. मग माझ्या युक्त्या मीच शोधल्या. पेला अर्धाच भरायचा. भाकरी डाव्या हातानं थापायची, वाकडी झाली तर खाणाऱ्यानं गुमान खायची. चारचौघींत बसायचं तर मुठीत वरवंटा धरायचा, जड काही हातात असलं की बोटं जरा दमानं घेतात. बायका म्हणायच्या, ही वरवंटा घेऊन कुणाच्या टाळक्यात घालायला निघाली? म्हणू देत, मेल्या.

हाताचं एक वेळ सोसलं असतं. पण दार आलं की त्याच्या अलीकडे हातभर माझे पाय खिळायचे. मन म्हणतंय चल, पाय ऐकतच नाहीत. कुणीतरी खालून घोटे धरून ठेवलेत असं वाटायचं आणि खाली बघावं तर कुणी नाही.

यावरचा इलाज शेजारच्या सुनेमुळं सापडला. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. माझी वेणी घालायला रोज यायची, कारण मला ते जमेना. एकदा ती माझ्या दाराशी रांगोळी काढत होती, एकच रेघ ओढून झाली होती, आणि मी आत तशीच अडकलेली. रांगोळीवर पाय द्यायचा नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की रेघ दिसताच मी पाय उचलून पलीकडे टाकला. टाकला की! दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. तेव्हापासून ती रोज सकाळी माझ्या माजघरापासून परसातल्या आडापर्यंत पावला-पावलावर आडवी रेघ ओढायची आणि म्हणायची, "चला, उचला पाय." त्या रेघांवरून मी दिवस काढायची.

हळूहळू माझा चेहराही थिजला. पापणी लवेना. मी हसले तरी कुणाला कळेना. एके दिवशी शेजारची थोरली, म्हणजे त्या पोरीची सासू, हळद-कुंकू घेऊन आली आणि माझ्या हातावर वाहून पाया पडली.

"आवं आत्याबाई, रोग हाय ह्यो. देवी न्हाई," मी ओरडले. पण माझा आवाजही तोवर बारीक झाला होता.

"देवी असंच म्हनती," ती म्हणाली. "त्वांड बगा की, मुकवट्यागत झालंय. दारात पाय अडतोय. आन हात देवळातल्या वाती वळतोय."

झालं! गावानं तेच धरलं. माझ्या मालकांनी चार जणींना हाकलून दिलं, तर आठ आल्या. मला संताप यायचा. दिवसभर घामाघूम होऊन मी पदर खोचायची, चूल पेटवायची, आणि ह्या बायका माझ्या आजाराला ओवाळायच्या.

मग लष्कराकडून कागद आला. थोरलीच्या लेकाचा पत्ता लागत नाही, एवढंच त्यात होतं. मेला म्हणावं तर तसं लिहिलेलं नाही, आहे म्हणावं तर तसंही नाही. भावकीतल्या बायका कुजबुजायला लागल्या की मेलेल्याच्या नावानं कुंकू लावणं घराला बाधतं, पोरीचं कुंकू पुसा. थोरलीला ते सहन होईना. तिनं माझ्याकडे कौल लावायचं ठरवलं. हात वळत राहिला तर लेक जिता. थांबला तर सुनेचं कुंकू माझ्याच ओट्यावर पुसायचं.

आणि मी हो म्हणाले. का म्हणाले सांगते. लोक बघायला लागले की माझा हात जास्तच चळतो, इतक्या वर्षांत एकदाही चुकलेला नाही. म्हटलं, ह्यांच्या येडेपणानं एका पोरीचं कपाळ वाचत असेल तर वाचू दे. मी आत हसतही होते. कुणाला दिसलं नाही.

शुक्रवारी भर दुपारी माझ्या ओट्यावर वीस-पंचवीस बायका जमल्या. पोरीला माझ्यासमोर बसवली. थोरलीनं हातावर हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाली, "माझा ल्योक जित्ता आसंल तर वळत ऱ्हा, आई."

हात थांबला.

काय सांगू तुम्हाला! मांडीवर तो हात पडून होता, एकेक बोट स्वच्छ, सरळ, लग्नाआधी होता तसा. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा त्याचं वजन कळलं. मी मनात म्हटलं, हल रं बाबा, हल. तो हलेना. थोरली वाकून बघायला लागली.

तेव्हा मी तो हलवला. माझ्या मनानं, जोर लावून.

"जित्ता हाय!" थोरली किंचाळली आणि सुनेला मिठी मारून रडायला लागली. ती पोर मात्र माझ्या हाताकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत हात गप्प होता. मी काठोकाठ भरलेला पेला तोंडाला लावला, थेंब सांडला नाही, आणि भीतीनं तो तसाच खाली ठेवला. दिवा लावताना तो पुन्हा सुरू झाला. त्यानंतर जागेपणी आजवर कधी थांबलेला नाही. डॉक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, असं होतं कधीकधी. कुणाला होतं हे काही त्यानं सांगितलं नाही.

लढाई संपली. गावची माणसं पत्र्याच्या ट्रंका घेऊन परत आली. तो आला नाही. पोरीचा भाऊ तिला न्यायला आला, दुसरा घरोबा करून द्यायचं त्याच्या मनात होतं. थोरलीनं "दादला जित्ता हाय तिचा" म्हणून त्याला दारातूनच परत लावला. मी ते माझ्या ओट्यावरून ऐकलं आणि मला स्वतःची शिसारी आली. मी त्या पोरीला जन्माची अडकवून ठेवली होती.

दोन वर्षांनी थोरली गेली, लेकाची वाट बघतच. तिचे दिवस झाल्यावर सून सकाळी माझ्याकडे आली आणि रेघा ओढायला बसली. मला राहवेना.

"पोरी, त्या दिशी हात थांबला हुता. मी हलवला."

तिनं मान वर केली नाही. चिमटीतली रांगोळी सुटत राहिली. "ठावं हाय. मी रोज तुमची येणी घालती न्हवं? वात बोटानं वळत्यात. तुमी मनगट हलवत हुतासा."

"मग तवाच का बोलली न्हाईस? कुंकू का लावत ऱ्हायलीस?"

"देवीनं पुसलंच हुतं की माझं," ती म्हणाली. "तुमी लावलं. तुमचं कसं पुसू?"

तिनं रेघ पुरी केली, हात झटकला आणि माझ्यासमोर उभी राहिली. "चला, उचला पाय."

पांढरीशुभ्र रेघ समोर होती. पाय उचलेना.